कृत्रिमेच्या पालकाची सही

सोळा जूनला कृत्रिम बुद्धिमत्तेला वडखोरीच्या शाळेत चौथीच्या वर्गात बसवण्यात आले.

त्याआधी तालुक्याला शिक्षकांची तीन प्रशिक्षणे झाली होती. तिन्ही वेळा पडद्यावर चित्रे दिसली, चहा झाला, प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि ही बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय ते एकाही शिक्षकाच्या डोक्यात शिरले नाही. शेवटी कोणा जाणत्या अधिकाऱ्याने फाइलवर शेरा मारला, की शिक्षकाला वर्गात बसलेले मूल तेवढे समजते, बाकी काही समजवायला जाऊ नये. म्हणून प्रत्येक शाळेला एकेक कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यार्थी म्हणून देण्यात आली. तीस सप्टेंबरपर्यंत शिक्षकाने ती समजून घ्यायची आणि तसे लिहून द्यायचे.

हेमलता गुरव या वडखोरीच्या एकट्या शिक्षिका. पहिली ते चौथी त्याच शिकवत, घंटाही त्याच देत. त्यांनी नव्या मुलीचे नाव कृत्रिमा असे घातले आणि जन्मतारीख एक जून टाकली. ज्याची जन्मतारीख घरात कोणाला आठवत नाही त्याची एक जूनच टाकायची, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा शिरस्ता होता. उंची एकशे सव्वीस सेंटिमीटर भरली. वजनकाट्याने काही दाखवले नाही, तेव्हा त्या रकान्यात बाईंनी 'पुढील महिन्यात पाहणे' असे लिहिले.

शाळेचा पट एकोणीस होता, तो वीस झाला. बाईंना हायसे वाटले. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद करून मुले ओढ्यापलीकडच्या गावात पाठवायची, असे पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होते. त्या ओढ्याला पूल नव्हता.

कृत्रिमा गुणी होती, पण एक खोड होती. काहीही विचारा, तिचे उत्तर तयार. करंगळी वर करणे नाही, डोके खाजवणे नाही, "बाई, येत नाही" नाही. बाईंनी असली पोरे पाहिली होती. अशी पोरे उत्तर येत नसले की आवाज चढवतात. कृत्रिमेचा आवाज मात्र सात नव्वे त्रेसष्टलाही तसाच आणि शाळेच्या मागे किती चिमण्या आहेत या प्रश्नालाही तसाच. चिमण्या दोनशे चौदा आहेत, असे तिने सांगितले होते. बाईंनी मागे जाऊन पाहिले तर एकही नव्हती.

ऑगस्टअखेरीस विस्तार अधिकारी नलवडे साहेब आले. त्यांनी कृत्रिमेचा प्रवेश अर्ज उघडला आणि एका रकान्यावर बोट ठेवले.

"पालकाची सही कुठाय?"

"पालक आलेच नाहीत, साहेब."

"मग गृहभेट द्या. तीस सप्टेंबरपर्यंत सही नाही मिळाली तर प्रवेश रद्द धरावा लागेल. तुमचा पट किती?"

"हिला धरून वीस," बाई म्हणाल्या. साहेबांनी अर्ज मिटून त्यांच्याकडे परत दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कृत्रिमेला जवळ घेतले. "तू राहतेस कुठं?"

"मारुतीच्या देवळामागे तिसरं घर, बाई. दारात शेवगा आहे. आमची शेळी एका पायाने लंगडी आहे. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारला बंद पडलं आहे. बाबा जेसीबी चालवतात. माझी आई भाकरी थापताना कपाळावरचा घाम डाव्या कोपराने पुसते."

एवढा पक्का पत्ता बाईंना आजवर कोणी दिला नव्हता. शाळा सुटल्यावर त्या निघाल्या. देवळामागे दोनच घरे होती. तिसऱ्याच्या जागी पाण्याची टाकी होती.

पण सत्तावीस वर्षे गृहभेटी दिलेली बाई टाकी बघून परत फिरत नाही. शेवगा कुठे आहे, असे विचारत त्या सुमन खिलारेच्या दारात पोहोचल्या.

"शेवगा आमचाच हाय," सुमन म्हणाली. "पर पोरगी आमची न्हाय. आमचा येकटा सोपान."

"आणि लंगडी शेळी?"

"ती वरच्या आळीला, दगडू सरगरांची. लई दूध देती."

शेळी सरगरांचीच निघाली. घड्याळ मदन्यांच्या भिंतीवर खरोखरच सव्वाचारला थांबले होते. जेसीबीवाला बाप नदाफांचा शकील निघाला, आणि तो बाईंना बघून तोंड धुऊन पुढे आला. सगळ्या वस्तू सापडत होत्या, मुलगीच कोणाची नव्हती. बाईंना राग यायला हवा होता, पण त्यांना कुतूहलाने घेरले होते. मुलगी खोटे बोलत नव्हती आणि खरेही सांगत नव्हती, हा काय प्रकार?

शकीलच्या ओट्यावर चहा पिताना त्यांना एकदम आठवले. पहिल्या दिवशी कृत्रिमेने वाचायला काहीतरी मागितले होते. कपाटात होते काय, तर दरवर्षीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा. विषय एकच, 'माझे घर'. बाईंनी तोच उचलून तिच्यापुढे ठेवला होता.

राहिली आई. बाई घरोघर विचारत गेल्या. डाव्या कोपराने घाम पुसणारी बाई कोण?

"मी न्हाय," सरगरांची विमल म्हणाली. "पर आमच्या पोराच्या वहीत बी हेच हाय. मी त्याला म्हणलं, मी कवा कोपरानं पुसती रं? तर म्हणला, बाईंनी फळ्यावर लिवलंय, तसंच लिवायचं."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. खरेच होते ते. मुलांना आईवर चार ओळी सुचत नाहीत म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी नमुन्याचा निबंध फळ्यावर लिहिला होता, आणि दरवर्षी तोच लिहीत आल्या होत्या. सत्तावीस वर्षे गावातली सगळी पोरे त्यांच्या एकटीच्या आईचे वर्णन उतरवून घेत होती. ती आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि विमलने त्यांना बसायला पाट दिला.

सोमवारी वर्ग भरल्यावर बाईंनी कृत्रिमेला विचारले, "तुझ्या आईच्या हातावर काय गोंदलंय?"

"तुळस, बाई."

"नाही. तीन ठिपके होते. तुला कुठल्या वहीत सापडलं तुळस म्हणून?"

"कुठल्याच नाही. बऱ्याच आयांच्या हातावर तुळस असते."

"मग जे सापडलं नाही ते माहीत नाही म्हणायचं."

कृत्रिमेने पहिल्यांदाच डोके खाजवले. असे म्हणता येते हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिच्यापुढच्या वह्यांत एकाही मुलाने ते लिहिले नव्हते. माहीत नाही असे लिहिले तर बाई गुण कापत असत. त्या दिवसापासून बाई रोज मधल्या सुट्टीत तिच्याकडून तेवढे एकच वाक्य म्हणून घेऊ लागल्या.

तीस सप्टेंबरला नलवडे साहेब आले. अर्जाला एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यावर शेवग्यापुढे सुमन खिलारे, शेळीपुढे दगडू सरगर यांचा अंगठा, घड्याळापुढे मदने आणि वडिलांपुढे शकील नदाफ अशा सह्या होत्या. मूळ रकान्यात सही होती हेमलता गुरव यांची. पुढे लिहिले होते, नाते: थोरली बहीण.

"बहीण कशी?" साहेबांनी विचारले.

"आई एकच आहे, साहेब. चौकशी केली मी."

साहेबांनी नियमांचे पुस्तक चाळले. आई एकच असेल आणि ती हयात नसेल तर थोरल्या बहिणीला पालक होता येत होते. मग त्यांनी शिक्षकाच्या आकलनाचा रकाना वाचला. तिथे दोनच ओळी होत्या. 'आम्ही जे लिहून ठेवले त्यातून ती घर बांधते. त्यातल्या माझ्या चुका माझ्या आहेत.'

"हे प्रशिक्षणात सांगितलं होतं?"

"सांगितलं असेल. तेव्हा चहा आला होता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कृत्रिमेकडे वळले. अर्ज त्यांच्या हातातच होता, सहीचे पेन मात्र अजून खिशात होते. एकोणीस मुले पाट्यांवरून माना वर करून बघत होती.

"काय गं, तुझ्या आईच्या हातावर काय गोंदलं होतं?"

"तीन ठिपके, साहेब."

"कुठे? मनगटावर, की कोपराजवळ?"

हे बाईंनी तिला सांगितलेच नव्हते. कृत्रिमेने आधी साहेबांकडे पाहिले, मग बाईंकडे.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ताईला विचारा."

बाईंनी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवून जागा दाखवली. साहेबांनी पेन काढून सही केली, शिक्का मारला आणि पाण्याचा तांब्या मागितला.

ते गेल्यावर बाईंनी हजेरी घेतली. वीस जण हजर होते. मग त्यांनी फळा स्वच्छ पुसला, त्यावर 'माझे घर' एवढेच लिहिले आणि खडू खाली ठेवला.