आंजर्ल्याच्या कमळाबाईंच्या प्रकृतीबाबत

माझ्या नातीच्या, आरोहीच्या, मुलाचा बाप्तिस्मा झाला ते साल २०२३. त्याच साली रत्नागिरीतल्या आमच्या चर्चने ठराव करून कादंबरी वाचन मंडळ काढलं.

सभासद नऊ, पुस्तक एक. ते माझ्याकडे दिलं, कारण होडी विकल्यावर बासष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. मला वाचायला वेळ लागतो. बाकीचे आठ शिकलेले. त्यांना वाचायची गरज नव्हती. मी बोट ठेवून वाचायचं, महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर काय झालं ते सांगायचं आणि त्यावर त्यांनी चर्चा करायची. चर्चा फार उंचीची होई.

जूनमध्ये मी पान शहाण्णववर पोचलो. कादंबरीतली कमळा, आंजर्ल्याची विधवा, तापाने अंथरुणाला खिळली होती.

"बाय माझी! दोन पोरं पदरात," मंडळातल्या सोनूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तिच्यासाठी प्रार्थना करा हो कोणीतरी!"

प्रार्थना म्हटल्यावर चिटणीस दीपकरावांनी नियमाप्रमाणे आजाऱ्यांचं रजिस्टर काढलं. नाव: कमळा. मुक्काम: आंजर्ले. आजार: ताप. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ते नाव वाचलं आणि दीडशे माणसांनी आमेन म्हटलं.

रजिस्टरमधल्या आजाऱ्याला तीन महिन्यांच्या आत भेट द्यावी लागते. सप्टेंबरात भेट समिती शहाळी घेऊन एसटीने आंजर्ल्याला गेली. अहवाल आला: "रुग्ण घरी आढळल्या नाहीत. घरही आढळलं नाही. शेजारी काही बोलत नाहीत. प्रकृती गंभीर वाटते." शहाळी परतीच्या वाटेवर संपली.

नोव्हेंबरात मी पान एकशे एक्केचाळीस वाचलं आणि चपला न घालता चर्चला धावलो.

"दीपकराव, बरी झाली! कमळा बरी झाली! भात लावतेय!"

"छान. मग रविवारी येऊन साक्ष देऊ देत."

"कोण?"

"त्याच. बरं झालेल्याने मंडळीपुढे स्वतः उभं राहून साक्ष दिली, तरच नाव कमी होतं. नियम सात."

"अरे, ती पुस्तकात आहे!"

"आप्पा, हळू बोला. वर्षअखेरचा अहवाल जायचाय. पुस्तकातल्या बाईसाठी सबंध मंडळीने सहा महिने प्रार्थना केली, असं लिहू?"

"मग नाव कमी कसं होणार?"

"दुसऱ्या कारणाने होतं," दीपकराव म्हणाले आणि काळ्या शाईचं पेन शोधू लागले.

पुढच्या सभेत मी ते पान उघडून फिरवलं. दीपकरावांचा चष्मा घरी राहिला होता. सोनूबाई म्हणाल्या, "नको वो, वाचलं तर मला रडू येईल." पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आप्पा, उतारवयात शिकलेली अक्षरं. माणसाला हवं तेच दिसतं. आपण मतं घेऊ."

आठ हात वर गेले. मग आठही जण माझ्याकडे बघत राहिले. चहा निवत होता, केक कापून ठेवला होता.

मीही हात वर केला.

तुम्ही म्हणाल, वाचणारा तू एकटा, तू तरी हात खाली ठेवायचास. खरं आहे. पुस्तक चर्चच्या कपाटात आहे, पान एकशे एक्केचाळीस दुमडून ठेवलंय. ही हकिगत ऐकून हळहळणारे पुष्कळ भेटले, कपाटाची किल्ली मागणारा अजून एकही नाही. तुम्हीही आता हळहळलातच.

कमळा, राहणार आंजर्ले, रविवार दिनांक १० डिसेंबर २०२३ रोजी, उपासनेनंतर, एकमताने वारली.