म्हात्रे सरांचं धोरण

आमच्या म्हात्रे सरांनी विनोद सांगितला, तर हसायच्या आधी संदर्भ ऐकून घ्यावा लागतो. "हा विनोद माझा नाही बरं का. नागोठण्याहून येताना एका एसटी कंडक्टरनं सांगितला. नाव विचारायचं राहिलं, दिलगीर आहे." एवढं झाल्यावर विनोद. तोवर तासाची घंटा झालेली असते.

सर रोह्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. मी मराठी शिकवते आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसते, हे माझं नशीब. साधी म्हण वापरली तरी यांचा हात वर. "हे तुमचं का, मॅडम?" अहो, म्हण आहे ती! "असेल. पण पहिल्यांदा कुणा बाईनं तरी म्हटलीच असेल ना? बिचारीचं नाव गेलं वाहून." शेजारच्या अष्टमी गावात आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. नवरीनं झकास उखाणा घेतला, टाळ्या पडल्या, आणि सरांनी पंगतीतून विचारलं, "रचला कुणी?" नवरीच्या मावशीनं लाजत हात वर केला. सरांनी तिच्यासाठी वेगळ्या टाळ्या वाजवायला लावल्या! मावशी अजून बाजारात भेटली की सरांची चौकशी करते.

तर अशा माणसाला प्राचार्यांनी बौद्धिक संपदा समितीचं प्रमुख केलं. विद्यापीठाची तपासणी जवळ आली होती. कॉलेजात लागलेला शोध कुणाच्या मालकीचा, याचं लेखी धोरण दाखवायचं होतं. ऑफिसातल्या पाटील भाऊंनी ते जेवणाच्या सुट्टीत तयार केलं. नेटवरून एका बड्या विद्यापीठाचं उतरवलं, नाव बदललं, झालं काम. वाचतंय कोण?

म्हात्रे सर वाचतात.

"पाटील भाऊ, इथं लिहिलंय, 'संस्थेच्या धावपट्टीचा वापर करून लावलेले शोध.' आपली धावपट्टी कुठंय?"

"ग्राउंड हाय की, सर."

"अहो, दुसऱ्याचं चोरू नका असं सांगणारं धोरण, तेच चोरीचं?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पुढच्या पानावर सर थांबले आणि त्यांचा चेहराच उतरला. तिथं लिहिलं होतं, आवारात जो जो शोध लागेल त्याची मालक संस्था.

म्हणजे सानिकाचं काम गेलं! सानिका ही सरांची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पेणजवळच्या जोहे गावची. घरी गणपतीचा कारखाना. शाडूची मूर्ती वाळताना तडकते. ती तडकू नये असं मिश्रण तिनं सरांच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीतला एक व्यापारी त्यावर टपून बसला होता. हे धोरण मंजूर झालं असतं, तर मिश्रण संस्थेचं, संस्थेकडून ते व्यापाऱ्याचं, आणि सानिकाच्या आईबापाला आपल्याच अंगणात तशी माती मळायला त्याची परवानगी काढावी लागली असती.

सर तडक जोह्याला गेले. मलाही ओढून नेलं. सानिकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मिश्रणात तुसाची राख घालायचं सुचलं कुणाला?"

"आईला. माझे नमुने तडकत होते ना सर, तेव्हा ती म्हणाली, भाताच्या तुसाची राख घालून बघ गो. प्रमाण मी शोधलं."

"म्हणजे दोन मालक!" सर असे खुलले, जणू लॉटरी लागली.

सानिकाची आई, वनिताबाई, मातीचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "माजं नाव कशाला, सर? मी नुसती राख सांगितली. शोध पोरीनं लावलान."

"राख तुम्हीच सांगितलीत?"

"व्हय."

"मग नाव लागणार."

सरांनी नवं धोरण साध्या मराठीत स्वतः लिहिलं: ज्याच्या डोक्यातून निघालं, ते त्याचं. मीटिंगला अध्यक्ष गरजले, "प्रयोगशाळा संस्थेची, गॅस संस्थेचा, मग शोध पोरीचा कसा काय?"

"साहेब," सर शांतपणे म्हणाले, "मूल दवाखान्यात जन्मलं म्हणून डॉक्टरचं होतं का?"

मी मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठ्या! तेवढ्यात सर म्हणाले, "हे वाक्य माझं नाही हं. काल चहाला मॅडम म्हणाल्या होत्या." आणि माझ्याकडे बोट! मेले! उभ्या जन्मात इतकं नकोसं श्रेय मला मिळालं नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "करा मंजूर. नायतर हा माणूस आपल्याला घरी जाऊ द्यायचा नाय."

जिंकलो! व्यापारी आल्या पावली परत गेला. पेटंटच्या अर्जावर संशोधक म्हणून सानिका आणि वनिताबाई, अशी दोन नावं लागली. स्वतःचं नाव घालायला सरांनी साफ नकार दिला. "मी नुसता बर्नर पेटवला." सत्काराला जोह्याहून टेम्पो भरून माणसं आली. वनिताबाईंचं संपूर्ण नाव माइकवरून पुकारलं, तेव्हा हॉलमध्ये अशा शिट्ट्या पडल्या की प्राचार्यही उठून टाळ्या वाजवू लागले.

सर मात्र कुठं दिसेनात. मी शोधत गेले, तर प्रयोगशाळेमागच्या नळावर तोंड धूत उभे. मी चेष्टेला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचे डोळे दिसले. ते रडत होते.

"माझी आई पेणला एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखायची, मॅडम. जन्मभर. मूर्ती गाडीत चढली की म्हणायची, दत्तू, बघ, माजा गणपती चाललाय. पाटी मात्र शेठची. ती गेली तेव्हा पेपरात बातमी आली, 'प्राध्यापक म्हात्रे यांना मातृशोक.' तिथंसुद्धा माझंच नाव हो."

मी विचारलं, "काय नाव होतं त्यांचं?"

सरांनी रुमालानं तोंड पुसलं, चष्मा लावला. "सुभद्रा," ते म्हणाले. "सुभद्रा गणपत म्हात्रे." मग म्हणाले, "ती गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं."