भावी सी.ए.

अर्ज कसा भरावा हे ज्याला शिकायचं असेल त्यानं खुशाल माझ्याकडे यावं! मी भरलेला अर्ज आजवर जगात कुठूनही परत आलेला नाही. आयर्लंडचा व्हिसा, तिथली नोकरी, तिथलं घर, एवढंच काय, डब्लिनच्या वाचनालयाचं कार्डसुद्धा मला पहिल्याच खेपेला मिळालं. खाडाखोड नाही, रकाना रिकामा नाही, फोटोत दोन्ही कान स्वच्छ दिसणार! त्यामुळे यंदा गेवराईत बसून मी सी.ए. होण्याचा अर्ज भरला, तेव्हा माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं डब्लिनमध्ये होतात, तिथं सी.ए. नव्हतात का? होतो की! पण तिकडचा. तिकडचा चार्टर्ड अकाउंटंट इकडे उतरला की तो नुसता माणूस असतो. मग त्यानं इथले दोन पेपर द्यायचे, एक इथल्या कायद्याचा, एक इथल्या कराचा. पास झाला की दिल्लीच्या संस्थेकडे अर्ज करायचा. त्यांनी नाव नोंदवलं, की मगच नावाआधी ती दोन अक्षरं लावायची. त्याआधी लावली तर अर्ज बाद! आणि नाव नोंदवल्यावरही स्वतःची जाहिरात करायची नाही, अगदी दारावरची पाटीसुद्धा बेताची.

त्या दोन अक्षरांसाठी मी बेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला का बसलो, तेही सांगून टाकतो. माझे वडील सुंदरराव गेवराईजवळच्या उमापूरला, आमच्या गावी, पोस्टमन होते. मी डब्लिनला गेलो त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक टपालासोबत एक बातमी फुकट वाटली. लग्नपत्रिका द्यायला जावोत की कोर्टाची नोटीस, "माझा पोरगा सी.ए. हाय!" हे आधी, मग सही. मी फोनवर सांगायचो, "आबा, मी इथला आहे, तिथला नाही." ते म्हणायचे, "तिथं दोन अन् दोन पाच व्हतेत का?"

गेल्या वर्षी आबा आजारी पडले. मी सगळं सोडून परत आलो आणि दोन महिन्यांत ते गेले. आई आधीच गेली होती. वाटलं, आबा गावभर सांगून गेलेत ते निदान खरं तरी करावं. म्हणून गेवराईत खताच्या दुकानाच्या वर एक खोली घेतली आणि अभ्यासाला बसलो. खोलीत मी, पंखा आणि खालून येणारा युरियाचा वास. डब्लिनमध्ये माझं उत्तरेश्वर हे नाव कुणाला म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे मला नुसतं 'यू' म्हणायचे. गेवराईत नाव सगळ्यांना म्हणता येत होतं, पण हाक मारायला कुणी नव्हतं. आठ आठ दिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

मग एका मंगळवारी सकाळी अकराला निकाल लागला. मी पास!

आनंद झाला की माणूस आधी फोन उचलतो. मी उचलला. यादी वरपासून चाळली. 'आबा' पहिल्याच ओळीत. तो नंबर मी अजून काढलेला नाही. अंगठा तिथं जरा रेंगाळला. मग डब्लिनचा दंतवैद्य, जुना घरमालक, माझी जुनी गाडी घेणारा एक गृहस्थ... यादी संपली. फोन खाली ठेवला आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. एवढी मोठी बातमी, आणि सांगू कुणाला? पंख्याला?

साडेबाराला वत्सलाबाई डबा घेऊन आल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. साठीच्या आहेत, मूळच्या उमापूरच्या, इथं वीस घरी डबे देतात. डबा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, आज आमटी जरा झणझणीत हाय बरं का."

"मावशी, मी पास झालो!" मी जवळजवळ ओरडलोच.

"अगंबाई! कशात?"

"सी.ए.च्या पेपरांत! म्हणजे अजून सी.ए. झालो नाही, आता अर्ज दिल्लीला जाईल, मग ते तपासतील, मग..."

पण मावशी 'सी.ए.' या शब्दापाशीच थांबल्या होत्या. त्यांनी माझ्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "सुंदरराव पायजे होते," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावत उरलेले एकोणीस डबे द्यायला निघून गेल्या. एकोणीस डबे म्हणजे एकोणीस घरं, हा साधा हिशेब मला त्या वेळी सुचला नाही. मी मात्र त्याच दुपारी ऑनलाइन अर्ज धाडून दिला. बिनचूक!

बुधवारी सकाळी मी दूध आणायला चौकात गेलो, तर समोर मीच! वीस फूट बाय दहा फूट!

फ्लेक्सवर मी कोट घातला होता. कोटावर भगवा फेटा. मागं विमान आणि त्याच्यामागं आयफेल टॉवर. वर लिहिलं होतं, 'तालुक्याचे भूषण, आंतरराष्ट्रीय सी.ए., मा. उत्तरेश्वर यांचे हार्दिक अभिनंदन!' माझ्या शेजारी माझ्याहून दीडपट मोठे अमरसिंह भाऊ हात जोडून उभे होते. अमरसिंह भाऊ म्हणजे आमचे पुढारी. बाळाचं बारसं असो की बैलाचा वाढदिवस, त्यांचा फ्लेक्स ठरलेला. खाली त्यांच्या मित्रमंडळाचे अडतीस चेहरे होते, त्यातला एकही माझ्या ओळखीचा नव्हता. आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत होतं, 'पीक विमा, सातबारा, जीएसटी व सर्व सरकारी कामांसाठी संपर्क.' पुढे माझा मोबाइल नंबर!

नाव नोंदवण्याआधीच ती दोन अक्षरं, वर जाहिरात! तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, विमा कवा जमा व्हईल?"

ठेवला. परत वाजला. "सी.ए. साहेब, भावकीनं बांध कोरलाय हो, काय करू?" परत वाजला. "उत्तरेश्वरा, वळखलं का? तुझ्या बापानं माझ्या लेकीची पत्रं वाचून दावलीती मला!" तासाभरात एकतीस फोन. आणि आता हसू नका, मला ते आवडायला लागलं होतं! आठ महिन्यांत पहिल्यांदा लोक मला नावानं हाक मारत होते. बत्तिसावा फोन मी मोठ्या ऐटीत उचलला. "बोला, पीक विमा ना?"

"जी? मैं दिल्ली से बोल रही हूँ. आपके आवेदन के बारे में."

माझ्या हातातली दुधाची पिशवी खाली पडून फुटली.

"आप अपने आपको कहीं सी.ए. तो नहीं बता रहे हैं ना?"

"जी बिलकुल नहीं!"

नेमकं तेव्हाच मागून रिक्षावाला ओरडला, "ओ सी.ए. साहेब! बसा की, सोडतो!"

"सर, ये किसे बुला रहे हैं?"

"वो... यहाँ एक दूसरा है."

उभ्या आयुष्यात अर्जाच्या कामी बोललेली माझी ही पहिली थाप! बाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक है. दस दिन में लिखकर दीजिए कि आप कहीं भी ये पदवी इस्तेमाल नहीं कर रहे." आणि फोन ठेवला.

वीस फुटी फ्लेक्सखाली उभं राहून असं लिहून कसं द्यायचं? मी तडक शिवशंकरकडे गेलो. तो माझा शाळेतला सोबती, शाळेनंतर गाठभेट नाही; आता गावातले सगळे फ्लेक्स तोच छापतो.

"उत्र्या! पाह्यलास का? डबेवाल्या मावशीनं नंबर दिला. तुझ्या व्हॉट्सॲपच्या फोटूत लोकरीची टोपी व्हती. म्या फेटा बसवला!"

"आधी तो काढ!"

"कावून काढायचा बे?"

मी त्याला सगळं समजावलं. त्यानं मान हलवली. "त्यावर भाऊंचा फोटू हाय. भाऊंचा फोटू उतरवला की मानूस दुसऱ्या गटात गेला असं धरतेत. मी न्हाई हात लावत अन् तूबी लावू नको."

"अरे पण मी अजून सी.ए. झालेलो नाही! होणार आहे!"

"व्हनार हायेस व्हय? मंग सोपं हाय की! जा घरी, दुपारपस्तोर काम व्हतंय."

मी निश्चिंत मनानं घरी गेलो आणि झोपलो. दुपारी जाग आली ती जिन्यावरच्या धाडधाड पावलांनी. दारात खुद्द अमरसिंह भाऊ! पाठीमागे फ्लेक्सवरचे पाच-सहा चेहरे.

"उत्तरेश्वर, कोन्त्या वार्डातून उभं ऱ्हायलाय तुमी?"

"मी? कुठं?"

"आमच्याच फ्लेक्सवर, आमच्याच डोक्यावर 'भावी' लिवून घेता अन् वर आमालाच इचारता कुठं?"

खिडकीतून चौकाकडे बघितलं आणि काय झालंय ते कळलं. शिवशंकरनं 'आंतरराष्ट्रीय' या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर हातभर अक्षरात रंगवलं होतं, 'भावी'! आमच्याकडे भावी आमदार असतो, भावी सरपंच असतो, भावी नगरसेवक तर घरटी एक असतो. भावी म्हणजे निवडणुकीला उभा राहणारा! गावानं दुपारपर्यंत माझा वार्डही ठरवून टाकला होता.

"भाऊ, शप्पथ घेतो, मी कुठंही उभा नाही!"

"हे मला नगा सांगू. उद्या धा वाजता तुमचा सत्कार ठेवलाय. तिथं माइकवर समद्यांसमोर सांगा. त्याबिगर फ्लेक्स उतरनार न्हाई."

म्हटलं, चला, एका दगडात दोन पक्षी! माइकवर दोन्ही गोष्टी सांगून टाकू. उभा नाही आणि सी.ए.ही नाही. फ्लेक्सही उतरेल आणि दिल्लीला खरं खरं लिहूनही देता येईल.

गुरुवारी दहाला मंडपात दीडशे माणसं होती. भाऊंनी मला फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. मी माइक धरला.

"मी कुठल्याही निवडणुकीला उभा नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! भाऊंनी मला मिठी मारली. मला आणखी जोर चढला.

"आणि मी सी.ए.ही नाही!"

भाऊंचे माझ्या खांद्यावरचे हात हळूच खाली गेले.

"म्हणजे तिकडचा आहे," मी घाईघाईनं म्हणालो, "पण इकडचा अजून नाही!"

"तिकडचा म्हंजे?" भाऊंनी डोळे बारीक केले. "कोन्या गटाचा?"

लोक हसायला लागले. मीही कसनुसा हसलो. आणि मग तिसऱ्या रांगेतून सटवा तात्या उठले. उमापूरचे, आबांच्या बरोबरीचे. काठी टेकत ते पुढे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मंग सुंदररावानं अकरा वर्सं आमाला काय सांगितलं रं? टपालासंगं खोटं वाटलं व्हय त्यानं?"

माझ्या हातात माइक होता, समोर दीडशे माणसं होती. 'नाही तात्या, ते खरंच बोलत होते,' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं तर दिल्लीचा अर्ज गेला आणि अर्ज गेला तर आबांचं बोलणं कायमचं खोटं ठरलं. मी माइक खाली ठेवला. तात्या काठी टेकत मंडपाबाहेर निघून गेले. भाऊंनी नारळ परत घेतला. शाल मात्र ठेवा म्हणाले.

तासाभरात फ्लेक्स उतरला. मी दिल्लीला लिहून दिलं, 'मी कुठेही स्वतःला सी.ए. म्हणवत नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आता मला सी.ए. म्हणतच कुणी नव्हतं! फोन बंद झाले. रिक्षावाला दुसरीकडे बघायला लागला. मावशी तेवढ्या यायच्या, पण 'भाजी आवडली का' यापलीकडे बोलायच्या नाहीत, आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायच्या.

पाच आठवड्यांनी दिल्लीहून जाड लिफाफा आला. प्रमाणपत्र! माझं पूर्ण नाव, आबांचं नाव, खाली शिक्का. मी झालो होतो! मी शर्ट घातला, सांगायला म्हणून जिना उतरलो, खताच्या दुकानापाशी दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत वर आलो. कुणाला सांगणार? उमापूरला तात्यांकडे जायचं धाडस होईना आणि चौकात फ्लेक्स लावावा तर जाहिरातीला बंदी!

साडेबाराला मावशी आल्या. मी प्रमाणपत्र त्यांच्यापुढे धरलं.

"मावशी, हे बघा! झालो मी सी.ए.! आता खरंच झालो!"

मावशींनी पदराला हात पुसून ते दोन्ही हातांनी घेतलं. उजेडाला धरून शिक्का बघितला. मग माझ्याकडे मोठ्या मायेनं बघितलं.

"शिवशंकरकडून छापून घेतलं व्हय, दादा?"

"नाही हो मावशी! खरं आहे! दिल्लीहून आलंय!"

"बरं बरं, खरं हाय," त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "सुंदररावांच्या फोटूपाशी लावा. त्येंच्या जिवाला बरं वाटंल. मी न्हाई कुनाला सांगत."

आणि खरंच! आज तीन आठवडे झाले, रोज एकोणीस घरी जातात, पण मावशींनी एका शब्दानं कुणाला सांगितलेलं नाही!