चार दिवसांत चार ग्रिल

"चार दिवस, चार ग्रिल, आणि परत येताना खिशात मैत्रेयीचा होकार!" असं म्हणून दिनकर पालशेतकर गुरुजींनी चहाचा कप टेबलावर असा काही आपटला, की होकार जणू त्या कपातच बुडाला होता आणि आता टुणकन वर येणार होता. "लिहून ठेवा सगळ्यांनी!"

कोणी लिहून ठेवलं नाही, ते एक बरं झालं.

हा होकार कशाचा, ते आधी सांगायला हवं. गुहागरच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सरलाबाई मुलाकडे जर्मनीत गार्चिंगला आले होते, त्याला आता तीन महिने होत आले होते. मुलगा प्रणव तिथल्या एका संशोधन संस्थेत, सून वैभवी म्युनिकच्या ऑफिसात आणि एकुलती एक नात मैत्रेयी तिसरीत. मैत्रेयीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मिळायचं जर्मनमध्ये. पोरीने ऑगस्टची लांबलचक सुट्टी गुहागरला काढावी, एवढीच गुरुजींची इच्छा होती. मागच्या अंगणात बसून तिला बाराखडी शिकवावी, ओहोटीला खेकडे दाखवावेत, गणपतीत आरतीला उभं करावं. गुरुजींच्या गुडघ्यांकडे पाहून डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की एवढा लांबचा प्रवास आता पुन्हा नको. म्हणजे जे व्हायचं ते यंदाच.

"बाबा, इथे मुलांना विचारल्याशिवाय काही ठरवत नाहीत," प्रणव म्हणाला होता. "ती हो म्हणाली तर पाठवतो. ती नाही म्हणाली तर मी जबरदस्ती करणार नाही."

"अरे, गावातल्या अर्ध्या पोरांना मी रडत असताना शाळेत नेलंय आणि संध्याकाळी तीच पोरं घरी जायला तयार नसायची! एक नात वळवता येणार नाही मला?"

नातीला जगात सगळ्यात जास्त आवडायच्या त्या निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्या. बोडेनझे तळ्याच्या काठाने गावोगाव असं भाजून देणारे ग्रिल आहेत आणि ते सगळे आपल्याला खाऊन पाहायचे आहेत, असं तिचं कधीपासूनचं स्वप्न. बोडेनझेला इथले लोक लाडाने समुद्र म्हणतात. जर्मनीचा दक्षिण किनारा तोच. गुहागरच्या माणसाला हे ऐकून हसू फुटलं. "भरती नाही, ओहोटी नाही, खारट नाही. तळ्याला समुद्र म्हणतात! असू दे, पोरीचा समुद्र तो आपला समुद्र."

आणि चार दिवसांची सहल ठरवून त्यांनी तिच्याशी करार केला. चार दिवस ती बाई, ते विद्यार्थी. प्रत्येक ग्रिलवर दोघांसाठी ऑर्डर आजोबांनी द्यायची, तीही जर्मनमध्ये. "त्स्वाईमाल रिपशेन, बिटे!" म्हणजे दोन बरगड्या द्या. आठवडाभर गुरुजी हे वाक्य लिफ्टमध्ये घोकत होते. शेजारची म्हातारी लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागली!

रस्ते पाहिले, राहायची घरं पाहिली, वाटेतली स्वच्छतागृहंसुद्धा पाहिली. पाहिले नाहीत ते फक्त वार. हयातभर शाळेचं वेळापत्रक आखलेला माणूस, आणि वार बघायला विसरला!

पहिला मुक्काम लिंडाऊ. पाण्याला लागून बाकडी, वर चिनाराची सावली, आणि धुराचा वास असा, की पोट भरलेल्या माणसाने घरी जाऊन पुन्हा भूक घेऊन यावं. वेटर आला. मैत्रेयीने आजोबांना कोपर मारलं. गुरुजींनी घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला...

"मला फक्त सॅलड," प्रणव म्हणाला. "शनिवार ना आज."

प्रणव शनिवार पाळायचा. त्याचं नोकरीचं कंत्राट दर वर्षी संपायला यायचं आणि दर वर्षी वाढायचं. ते मारुतीमुळे वाढतं, याबद्दल त्या भौतिकशास्त्राच्या डॉक्टरला तिळमात्र शंका नव्हती.

"मग मलाही नको," सरलाबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही लोक खा की!"

"तू समोर पाला चघळणार आणि मी हाडं चोखायची? नाही उतरायचं माझ्या घशाखाली."

"आई खाणार नसतील तर मी कशी खाऊ?" वैभवी म्हणाली. "गुहागरपर्यंत बातमी जाईल."

"मी कशाला सांगतेय कोणाला?"

"तुम्ही नाही सांगणार हो. लतिका आत्या फोनवर विचारतील आणि तुम्ही नुसत्या गप्प राहाल. तेवढं पुरतं!"

वेटरचं पेन हवेत थांबलेलं. गुरुजींनी भरलेला श्वास सोडून दिला. "आमच्या शाळेत नियम होता, डबा उघडायचा तर सगळ्यांनी एकदम. आज सगळे साधं खाऊ, उद्या सगळे मिळून ताव मारू. काय मैत्रेयी?"

"वारूम?" मैत्रेयीने विचारलं. म्हणजे का. तिचा हा शब्द गुरुजींना फार आवडायचा. त्यांनी तिला शनिवार समजावला, मारुती समजावला, बापाचं कंत्राटही समजावलं. तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि जर्मनमध्ये भरभर बोलत सुटली.

प्रणव उडालाच! "बाबा, ती म्हणतेय, इथे साडेआठ वाजले की गुहागरला रात्रीचे बारा. मारुती तिकडचा, म्हणजे त्याचा शनिवार संपला! गेनाऊ! अगदी बरोबर! तासाभराचा तर प्रश्न आहे." आणि त्याने सॅलडचा विचार बाजूला सारून मेन्यूकार्ड उघडलं. सरलाबाईसुद्धा सावरून बसल्या.

झालं होतं हो काम! पण समोर चुकीचं गणित दिसल्यावर शिक्षक गप्प बसेल कसा?

"चूक!" गुरुजी कडाडले. "प्रश्न उत्तम, पण गृहीतक चूक. आपल्याकडे वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो!" त्यांनी कागदी रुमालावर पृथ्वी काढली, क्षितिज काढलं, लिंडाऊला एक टिंब दिलं आणि गुहागरला एक. इतकं सुंदर समजावलं, की शेजारच्या टेबलावरचे आजोबाही मान डोलवू लागले. प्रणवने मेन्यूकार्ड मिटलं.

नातीच्या तोंडचा घास आपणच काढला, हे गुरुजींना कळलं तेव्हा चीजमध्ये लडबडलेल्या जाड शेवयांची अर्धी बशी संपली होती. मैत्रेयी तळलेले बटाटे एकेक करून मोजल्यासारखे खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या घरात साबुदाण्याचा वास सुटला. संकष्टी! सासू-सुनेची एकदम!

"अहो, काळजी करू नका," सरलाबाई म्हणाल्या. "तुम्ही तिघं खा, आम्ही शेजारी बसून आमचा डबा खाऊ. आज कोणाची अडचण नको."

लांगेनआर्गनला काठीला टोचून भाजलेले मासे मिळत. गुरुजी बरगड्यांच्या जागी मासा घालून वाक्य बदलून घेत होते, तेवढ्यात सरलाबाईंनी डबा उघडला आणि वेट्रेस धावत आली. घरचं खाणं इथे चालत नाही, असं तिने हसून सांगितलं.

"चालतं की! म्युनिकच्या बीअरगार्टनमध्ये आम्ही नेहमी नेतो," वैभवी म्हणाली.

"तिथे चालतं. इथे नाही," प्रणव पुटपुटला. "आई, झाकण लाव."

सरलाबाईंना वाटलं, पोरगी बिचारी उभ्याउभ्या राबतेय, वास आला असणार. त्यांनी चमचाभर खिचडी पुढे केली. "घे गं, घरच्या शेंगदाण्याची आहे."

"नाइन, डांके."

आता पहिल्या नाहीला नाही समजायला सरलाबाई काय परक्या होत्या? "लाजू नकोस गं!" दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी सरळ तिच्या ट्रेमध्ये खिचडीचा ढीग घातला, दोन पर्यटकांच्या बिअरच्या मधोमध! पर्यटक ओरडले. मालक आला. सरलाबाईंनी मालकालाही डबा दाखवला. "यांना पण भूक लागलेली दिसते. अहो, चमचा द्या!"

गुरुजींनी चमचा दिला. बायकोला माणसांपुढे कसं अडवायचं?

पाच मिनिटांत पाचही जण फाटकाबाहेर होते. आत मैत्रेयीचा मासा काठीवर एकटाच गोल गोल फिरत होता. ती फाटकाच्या गजांतून त्याच्याकडे बघत राहिली. "उद्या," गुरुजी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "उद्या नक्की. धीर धरायचा."

उद्या सोमवार होता. सोमवार सरलाबाईंचा, शंकराचा, लग्नाआधीपासूनचा.

पण त्या दिवशी सरलाबाईंनी मोठं मन केलं. मेअर्सबुर्गच्या ग्रिलसमोर गाडी थांबली तशा त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे पोरीचा विरस नको. तुम्ही आत जा, पोटभर खा. मी बसते गाडीत."

"आई, गाडीत कशाला?"

"मला कुठे काय होतंय? काच थोडी खाली ठेवा म्हणजे झालं."

काच थोडी खाली! या तीन शब्दांनी सगळ्यांची भूक मेली. वैभवी म्हणाली, "मला तशीही ॲसिडिटी आहे." प्रणवला एकाएकी संस्थेतून फोन येणार होता. दोघंही गाडीतच बसून राहिले, तोंडं पाडून, एखाद्या बैठकीला आल्यासारखे.

मैत्रेयी खाली उतरली. आजोबांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांचा हात धरला. ती काय बोलली ते कोणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. आपण दोघंच.

गुरुजी उतरले. ते कोणताच वार पाळत नव्हते. देवाला वेळापत्रक लावायचं नसतं, असं ते वर्गात सांगत आले होते. दोघं दारापर्यंत गेले. आतून एका माणसाने विचारलं, "दोघंच का?" मैत्रेयीने जोरात मान हलवली. भट्टीवर बरगड्या होत्या, चकचकीत, कडेने काळपट. वाक्य जिभेवर तयार होतं.

आणि गुरुजींनी मागे वळून पाहिलं. काच थोडी खाली होती. त्या फटीतून सरलाबाई दुसरीकडे बघत होत्या. फार काळजीपूर्वक दुसरीकडे बघत होत्या.

"बेटा," गुरुजी म्हणाले, "आजी एकटी आहे गं."

मैत्रेयीने त्यांचा हात सोडला. ओढला नाही, झटकला नाही. नुसता सोडला. रडली असती तर त्यांना समजूत घालता आली असती; रडणाऱ्या पोरांचं काय करायचं ते त्यांना येत होतं.

मंगळवार कोणाचाच नव्हता. सरलाबाईंनी दोनदा बोटांवर पडताळून पाहिलं. सकाळपासून सगळे आनंदात, वैभवीने तर नाश्तासुद्धा केला नाही. यूबरलिंगनच्या ग्रिलवर पोचले तर खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि दारावर पाटी. गुरुजींनी ती स्वतः वाचली. कोणाच्या मदतीशिवाय वाचलेली ही त्यांची पहिली जर्मन पाटी. डीन्सटाग रूहेटाग. मंगळवारी बंद.

"बघा! यांच्यातही वार पाळतात!" सरलाबाई कौतुकाने म्हणाल्या.

पुढच्या गावातला ग्रिल सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस बंद. त्याच्या पुढच्या गावातला उघडा होता, पण दुपारची वेळ टळून गेली होती आणि भट्टी संध्याकाळीच पेटणार होती.

"थांबू या की संध्याकाळपर्यंत," गुरुजी म्हणाले. या सहलीत पहिल्यांदाच ते कशासाठी तरी अडून बसायला निघाले होते.

"बाबा, उद्या सकाळी माझी मीटिंग आहे. आल्झो, तेव्हा आता निघायला हवं."

गुरुजी पुन्हा गाडीत बसले.

हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर त्यांनी मैत्रेयीला पावात घातलेलं सॉसेज घेऊन दिलं. गार होतं. त्यावर निखाऱ्याच्या काळ्या रेघा होत्या, सगळ्या एका मापाच्या, कारखान्यात मारलेल्या. तिने ते पूर्ण खाल्लं, कागदाची नीट घडी केली आणि कचऱ्याच्या योग्य डब्यात टाकली. गुणी पोरगी!

गाडी मेमिंगनच्या पुढे आली, तेव्हा प्रणवने आरशातून मागे पाहिलं. बापाचं तोंड बघून त्याला दया आली असावी. "मैत्रेयी, ऑगस्टचं काय ठरवलंस? जाणार ना गुहागरला?"

गुरुजींनी श्वास रोखला. समुद्र होता, अंगण होतं, खेकडे होते. चार दिवस एका बाजूला ठेवले, तरी तीन महिने दुसऱ्या बाजूला होते.

मैत्रेयी खिडकीकडून त्यांच्याकडे वळली. थोडा विचार केला. आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती मराठीत बोलली.

"आजोबा, माझी यायची खूप इच्छा आहे हो. पण यंदा काही जमेलसं दिसत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

गाडीत एकच जल्लोष झाला!

"अगं बाई! किती गोड बोलली!" सरलाबाईंनी तिची अलाबला काढली. "बघितलंत का हो? एवढं मोठं वाक्य!"

"परत बोल, परत बोल, मी व्हिडिओ काढते!" वैभवी फोन शोधू लागली. "लतिका आत्यांना पाठवू या!"

प्रणव तर स्टिअरिंगवर थाप मारून मोकळा झाला. "बाबा, मानलं तुम्हाला! तीन महिन्यांत करून दाखवलंत!"

पोरगी काय म्हणाली, ते कोणाच्या कानात शिरलंच नव्हतं. गुरुजींच्या मात्र शिरलं होतं. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. उच्चार स्वच्छ. आदर जिथल्या तिथे. समोरच्याला दुखवायचं नाही आणि काही द्यायचंही नाही, हेही अगदी बिनचूक. कुठेही लाल शाई लावायला जागा नव्हती.

"शाब्बास," गुरुजी म्हणाले.

हयातभराची सवय! दुसरं काही सुचलंच नाही.