शहजादीचं खानदान

मोतीरामजी अमरावतीहून घोडा घेऊन मुलगी पाहायला येणार, म्हणून अकोटला नत्थुजींच्या घरी सकाळपासून पोह्यांची तयारी चालली होती. मुलगी म्हणजे शहजादी, नत्थुजींची अस्सल अरबी घोडी. अस्सलपणाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण घोडेबाजारातल्या व्यापाऱ्यानं तिच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या होत्या. नत्थुजींना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं असतं, तर बायकोला हाक मारावी लागली असती.

अरबी रक्त जगातून नाहीसं होत चाललंय आणि ते वाचवायची जबाबदारी अकोट तालुक्यावर येऊन पडली आहे, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. शहजादीला घरची आठवण येऊ नये म्हणून गोठ्यात रेती पसरली होती. तिला खजूर मिळत, आणि घरातला एकुलता एक कूलर तिच्याकडे तोंड करून होता. गावठी घोड्याचं खिंकाळणंही तिच्या कानावर पडू नये म्हणून रस्त्याकडची खिडकी विटांनी बुजवली होती. आता मोतीरामजींच्या तितक्याच अस्सल सुलतानाशी सोयरीक जमली, की नत्थुजींच्या नावाचं अरबी घराणं सुरू होणार होतं. तसं त्यांनी गावभर सांगूनही टाकलं होतं, त्यामुळे आता माघार घेणं म्हणजे तोंड लपवत फिरणं.

टेम्पो दारात थांबला. मोतीरामजी उतरले. नत्थुजींनी मोठ्या ऐटीत गोठ्याचं दार उघडलं. आत रेती होती, कूलर चालू होता, घोडी नव्हती.

"गोदे! शहजादी कुठी गेली?"

गोदाबाई पोह्यांवर कोथिंबीर पेरत होत्या. सख्ख्या भाच्याचं लग्न गावात, आणि त्या घोडीच्या पाहुण्यांसाठी घरी कांदे चिरत बसलेल्या. "श्यामच्या वरातीत गेली. त्याचा घोडेवाला दोन लग्नायचा इसार घेऊन पसार झाला. नवरदेव काय पायी जाईन मारुतीले? भावाचा फोन आला, देली म्या पाठवून."

"अवं, ते अरबी हाय! बँडबाज्यानं बिथरली आन् नवरदेवाले पाडलं म्हंजे?"

"मंग तुमीच बसवा त्याले खांद्यावर."

मोतीरामजींचा चेहरा कडू झाला. "खानदानी जनावर वरातीत धाडता तुमी? आमच्या सुलतानानं तं आजवर बँड आयकला नाही!"

नत्थुजींनी त्यांच्या हातापाया पडून त्यांना टेम्पोत चढवलं. गोदाबाईही शालू सावरत पुढे बसल्या. मागे सुलतान होताच. टेम्पो मारुतीच्या देवळाकडे निघाला.

देवळापुढे ही गर्दी! नवरदेव पडला नव्हता, मजेत होता. शहजादी मात्र कपाळावर मोत्यांच्या झालरी लेवून, मान वळवत, एकेक पाय उचलून ठेक्यात नाचत होती. बँडवाल्यानं गाणं बदललं, तिनं पाऊल बदललं. एका हौशी मामानं दातात नोट धरली, तर तिनं ती ओठांनी अलगद काढून बँडवाल्याच्या हातात दिली. शेवटी गुडघे टेकून तिनं मारुतीला नमस्कार केला. एवढं सगळं काही वाळवंटात शिकवत नाहीत.

"नत्थुजी, हे अरबी हाय?" मोतीरामजी ओरडले. "हे तं जन्माची वरातीची घोडी हाय! मोडली सोयरीक!"

नत्थुजींना भर उन्हात रडू आलं. सात पिढ्या एका गाण्यात गेल्या होत्या. उद्या गावात कोणत्या तोंडानं फिरायचं?

तेवढ्यात टेम्पोतून धाड् धाड् आवाज आला. सुलतान मागच्या फळ्यांवर नाचत होता, तेच पाऊल, तोच ठेका. मामानं उत्साहानं दुसरी नोट दातात धरली. सुलतानानं टेम्पोबाहेर मान काढून ती घेतली आणि बँडवाल्याकडे सरकवली. गर्दीनं शिट्ट्या मारल्या.

"पाहुणे," गोदाबाई म्हणाल्या, "तुमच्या सुलतानानं तं बँड आयकलाच नोता ना?"

मोतीरामजींनी बराच वेळ घाम पुसला. मग हळूच विचारलं, "नत्थुजी, तुमचा व्यापारी मिशावाला होता काय?"

"हो. सात पिढ्या..."

"तोंडपाठ?"

"तोंडपाठ."

मग नत्थुजींनी डोळे पुसले. "म्हंजे खानदान तं जुळलं म्हणा."

"आता जुळलंच म्हणा लागते," मोतीरामजी म्हणाले, "पन गावात बोलू नका." घरी येऊन दोघांनी गार पोहे खाल्ले आणि सोयरीक पक्की झाली.

पुढच्या लग्नसराईत शहजादीला शिंगरू झालं. ते अजून धड उभंही राहत नव्हतं, तोच रस्त्यावरून एक वरात गेली. विटांमधून बँडचा आवाज झिरपला, आणि शिंगरानं लटपटत पुढचा पाय ठेक्यात उचलला.

"पाह्य गोदे," नत्थुजी म्हणाले, "दोन्हीकडचं रक्त कसं शुद्ध उतरलं हाय!"

"उतरलं ना? मंग त्या खिडकीच्या इटा काढा," गोदाबाई कूलर घरात ओढत नेत म्हणाल्या. "लेकराले बँड नीट आयकू येऊ द्या."