रूपराव महाराजांचा रोखलेला श्वास

या, जरा पुढं सरका. कीर्तनाला बसतो तसे मांडीला मांडी लावून बसा, म्हणजे माझी हकिकत शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल. रूपराव महाराजांना तपासणीला नेण्याचा पराक्रम अख्ख्या सेलूत मी एकट्यानं केला आहे!

महाराज आमचे कीर्तनकार. आवाज असा की देवळातलं कबुतर उडायचं विसरतं. पण उमर सगळी बिडीत गेली, सोडली ती अलीकडे. डॉक्टर गावात सांगून गेले होते, की ज्यांनी इतकी ओढली त्यांनी, सोडली असली तरी, काही त्रास नसतानाच फुप्फुसांचं स्कॅन करावं. कॅन्सर असलाच तर लहान असताना सापडतो. तेव्हापासून महाराजांची बायको, देवकावहिनी, त्यांच्या मागे लागल्या होत्या. महाराज ऐकेनात. त्यांची भीती मला ठाऊक होती: काही निघालं, तर गळ्यातली वीणा उतरली.

"वैनी, माह्यावर सोडा," मी छाती फुगवून म्हणालो.

कीर्तनकार टाळकऱ्यांशिवाय कुठं जात नाही. म्हणून मी सांगितलं, आम्ही सारे संगं येतो. महाराज लगेच जीपमध्ये बसले. वहिनी बसल्या, आम्हीही बसलो, टाळांसकट.

वर्ध्याच्या दवाखान्यात मशीन चालवायला आचल नावाची मुलगी होती. आडवं पडा, सांगितलं की श्वास रोखा, हलू नका, काही सेकंदांचं काम आहे, असं तिनं महाराजांना समजावलं. दार लागलं. आतून आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. मग शांतता.

आता तुम्हीच सांगा, महाराज असे मधेच थांबले की टाळकऱ्यांनी काय करायचं असतं? आमचे हात आम्हाला विचारत नाहीत. बाहेर एकदम टाळ कडाडले, विठ्ठलाचा गजर झाला, आणि पायाला प्लॅस्टर घातलेला एक गृहस्थ उभा राहून नाचू लागला. आत महाराजांनी सवयीनं दोन्ही हात वर करून अभंगाचं पुढचं चरण उचललं.

फोटो बिघडला. आचलनं टाळकऱ्यांना गेटबाहेर काढलं. वहिनी आणि मी तेवढे राहिलो, तेही टाळ तिच्या टेबलावर जमा करून.

दुसऱ्या वेळी मशीनच घात करून गेलं. ते घुमलं तंबोऱ्यासारखं, नेमकं महाराजांच्या पट्टीत. महाराजांनी पडल्या पडल्या षड्ज लावला. आचलसमोरची काच थरथरली. फोटो पुन्हा गेला.

महाराज उठून बसले. "चाल बंडू, घरी. देवाच्याच मनात नाई."

वहिनी दारातच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मले तुमचं कीर्तन अजून लय ऐकाचं हाय."

महाराज उठेनात, की आडवे होईनात. अशा वेळी मला सुचतं, ही देवाची कृपा.

"महाराज, आज मशीन कीर्तन करून राह्यली. तुम्ही श्रोते. मधात कोन बोलते का?"

श्रोत्यांनी चुळबुळ केलेली महाराजांना खपत नाही. खोकला म्हणून त्यांनी सरपंचाला मंडपाबाहेर घालवलेलं आहे! ते पुन्हा आडवे झाले, आणि असे निश्चल पडले, की काम झाल्यावर आचलला काच वाजवावी लागली.

रिपोर्ट स्वच्छ आला! डॉक्टर म्हणाले, बिडीला परत हात लावू नका आणि पुढच्या वर्षी पुन्हा या. महाराजांनी त्याच आठवड्यात भर कीर्तनात हे सगळं सांगितलं, आणि आता नाचणगावपासून हिंगणघाटापर्यंतचे जुने बिडीवाले माझ्याकडे जीप मागतात.

एकच घोटाळा झाला. छाती ठणठणीत असल्याचं कागदावर मिळाल्यापासून महाराज कीर्तन आवरतच नाहीत. आरतीच्या तबकातलं निरांजन तीनदा पेटवावं लागतं. तर तुम्ही आज गरम गरम जेवायला बसाल, तेव्हा देवकावहिनींची आठवण ठेवा. त्या ताट झाकून बसल्या असतील, आणि तो शहाणा बंडू कुठं भेटतो ते विचारत असतील.