हीच दाढ कशावरून?

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत टेकल्याटेकल्या शिंपीकाकांची दाढ दुखायची थांबली. आठवडाभर तिने त्यांना रडकुंडीला आणलं होतं.

"एकदम बरं वाटतंय. चल, घरी जाऊ," म्हणत ते उठायला लागले. मुलीने खांदा दाबून त्यांना परत बसवलं.

ही मुलगी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होती आणि काकांना त्याचा वेगळाच ठणका होता. "शिकून करणार काय? विचार?" असं ते कापड बेततानाही पुटपुटत. आज मात्र त्यांनी तिचा हात असा गच्च धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती.

"काका, नेमकं कुठे दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल सगळीकडे दुखत होतं. आज कुठेच नाही."

डॉक्टरांनी दिव्याच्या काचेवर एक्स-रे लावला, मान डोलावली आणि काकांच्या डाव्या हिरडीत सुई टोचली. काकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. थोड्या वेळाने गाल बधिर झाला आणि डॉक्टरांनी पक्कड उचलली.

"डॉक्टर," मुलगी म्हणाली, "हीच दाढ कशावरून?"

"एक्स-रेवरून."

"आणि एक्स-रे सरळ लावलाय, हे कशावरून?"

काकांनी कण्हत डोळे मिटले. हातात पक्कड असलेल्या माणसाशी वाद घालायचा? हेच शिकवतात का त्या विद्यापीठात?

"ताई, रोज शंभर एक्स-रे बघतो मी."

"ते खरंच. पण बाबा आठवडाभर डावीकडूनच जेवतायत. डावी दाढ किडली असती तर ते उजवीकडून जेवले असते ना?"

डॉक्टर हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी एक्स-रे काढून निरखला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कपाळावर घाम आला. पक्कड हळूच ताटलीत गेली.

"उलटा लागला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले.

काकांनी डोळे उघडले. चांगली दाढ थोडक्यात वाचली होती! मुलीकडे पाहताना त्यांचा ऊर भरून आला. तो पुरता भरायच्या आत डॉक्टरांनी दुसरी सुई भरली होती.

"आता उजवीकडे देतो हं, काका."

खरी दाढ निघाली तेव्हा काकांचं तोंड दोन्हीकडून बधिर झालं होतं. बाहेर बाकावर गालाला रुमाल धरून एक बाई बसल्या होत्या. आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमची मुलगी काय शिकते हो?" त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं.

काकांनी छाती पुढे काढली. "थथ्थ्वध्यान!"

"काय का असेना," बाईंनी मुलीचं मनगट पकडलं. "बाळा, माझ्याबरोबर आत चल."

मुलीने बाबांकडे पाहिलं. तिची पिशवी मांडीवर घेऊन ते आधीच बाकावर ऐसपैस बसले होते.